आगमनाची वेळ

घड्याळबाईंनी कागद टेबलावरून परत सरकवला आणि त्यावरच्या '१०.५५' या आकड्यावर बोट ठेवलं.

"ही वेळ चुकलीय."

गुणवत्ता कक्षातला अधिकारी हसला. गळ्यात ओळखपत्र, खिशाला दोन पेनं, आणि भांडायला आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्यावी असं कुणीतरी शिकवून बसवलेला चेहरा.

"कुठली वेळ, ताई?"

"आगमनाची. आम्ही दहा पंचावन्नला नाही आलो. त्याच्या बऱ्याच आधी आलो."

"सिस्टीममध्ये तर हीच आहे."

"मग सिस्टीमची चुकलीय."

बाईंना घड्याळबाई हे नाव बस डेपोतल्या ड्रायव्हरांनी ठेवलं होतं, आणि त्यात कौतुक कमी, वैताग जास्त होता. बावीस वर्षं त्या डेपोच्या खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ लिहीत होत्या. गाडीचं पुढचं चाक फाटकातल्या पांढऱ्या पट्ट्यावर आलं की ती आल्याची वेळ. ड्रायव्हर खिडकीशी कधी आला, त्याने वाटेत बिडी ओढली की गप्पा हाणल्या, याच्याशी बाईंना कर्तव्य नव्हतं. दोन मिनिटं मागेपुढे करा म्हणून नव्या ड्रायव्हरांनी लोणी लावून पाहिलं होतं, जुन्यांनी आवाज चढवून पाहिलं होतं. दोघेही हात हलवत परत गेले होते.

अशा बाईंच्या हातात हा कागद आला होता. रुग्णालयाची तपासणी करायला उद्या समिती येणार होती. लकव्याच्या रुग्णांवर इथे किती झटपट उपचार होतात ते पाहून ती प्रमाणपत्र देणार होती, आणि समितीपुढे ठेवायला चांगली म्हणून जी पाच प्रकरणं निवडली होती त्यात बाईंच्या वडिलांचं, अप्पांचं, एक होतं. लक्षणं सुरू ९.००. आगमन १०.५५. इंजेक्शन ११.४०. दारापासून सुईपर्यंत पंचेचाळीस मिनिटं, आणि पुढे शेरा, 'उत्तम'. त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: 'रुग्णास आणण्यात नातेवाइकांकडून विलंब, १ तास ५५ मिनिटे'. तिच्याही खाली बाईंची सही हवी होती.

त्या ओळीने बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"इथे तुमच्या पाण्याच्या कूलरशेजारी अप्पा चाकाच्या खुर्चीत बसून होते," त्या म्हणाल्या. "तोंडातून लाळ गळत होती, उजवा हात खाली लोंबत होता. मी चार वेळा काउंटरवर गेले. चारही वेळा तुमची मुलगी म्हणाली, जरा बसा, फाइल उघडायची आहे. तो सगळा वेळ तुम्ही माझ्या नावावर टाकलात?"

"फाइल उघडली की आगमन धरतात, ताई. नियम आहे. आमच्या हातात काही नाही."

"म्हणजे माणूस दारात मेला तर तो आलाच नाही म्हणायचं?"

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "तुमच्याकडे वेळेचा काही पुरावा आहे का?"

बाई उठल्या. पुरावा कुठे असतो हे बावीस वर्षं फाटकाकडे तोंड करून बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

फाटकावरचा रखवालदार टोपी मांडीवर ठेवून पंख्याच्या वाऱ्यात बसला होता. समोर जाडजूड वही, दोऱ्याने बांधलेलं पेन. बाईंनी तारीख सांगितली, पिवळी टॅक्सी सांगितली. त्याने पानं मागे उलटली, बोट खाली नेलं आणि थांबला.

"टॅक्सी, नऊ बेचाळीस. पुढे 'पेशंट' लिहिलंय. अक्षर माझंच आहे."

बाईंनी ओळ वाचली. आकडे सरळ होते, कुठेही गिरवागिरवी नव्हती. अप्पांना दाखल केल्यापासूनच्या चौदा दिवसांत या इमारतीतला पहिला खरा आकडा त्यांना दिसत होता, आणि तो ज्याला आत कुणी चहासुद्धा विचारत नाही अशा माणसाने लिहिला होता.

"एक तास तेरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "एवढा वेळ कशाला लागतो हो फाइल उघडायला?"

रखवालदाराने आजूबाजूला पाहिलं. "फाइल दोन मिनिटांत उघडते, बाई. पण तोंड वाकडं झालेला पेशंट आला की काउंटर आधी स्कॅनवाल्यांना फोन करतं. मशीन मोकळं आहे का विचारतं. नसलं तर बसा म्हणतात. मोकळं झालं की मग फाइल."

"म्हणजे मुद्दाम?"

"फाइल उघडली की घड्याळ सुरू होतं ना. तासाच्या आत सुई टोचली नाही तर वरून बोलणी बसतात. म्हणून घड्याळच उशिरा सुरू करायचं." त्याने टोपी झटकली. "पाय मोडलेल्याची फाइल लगेच उघडतात. त्याच्यावर घड्याळ नाही."

बाईंनी वहीतली ती ओळ पुन्हा वाचली. निष्काळजीपणा असता तर त्यांनी चार शिव्या देऊन सोडून दिला असता. पण ज्याला सगळ्यात जास्त घाई, त्यालाच हिशेबाने थांबवायचं, आणि वर त्याच्याच लेकीच्या माथी विलंब मारायचा! ड्रायव्हरांच्या सगळ्या लबाड्या त्यांना पाठ होत्या. असला नीचपणा त्यांच्यातल्या एकालाही सुचला नसता.

"मला या पानाचा फोटो हवाय."

"वही कुणाला दाखवायची नसते," रखवालदार म्हणाला. मग त्याने वही बाईंच्या बाजूला फिरवली आणि उठून उभा राहिला. "मी जरा तिकडची गाडी बघून येतो."

तिकडे एकही गाडी नव्हती.

फोटो घेऊन बाई वॉर्डात गेल्या. आता आपल्या हातात हुकमाचं पान आहे हे त्यांच्या चालण्यातही दिसत होतं. आई पलंगाशी स्टुलावर बसून अप्पांच्या हनुवटीवरची पेज पुसत होती. अप्पांचा उजवा हात उशीवर ठेवलेला होता, पिळून न वाळवलेल्या टॉवेलसारखा. शहरातल्या निम्म्या बसगाड्यांच्या पाट्या या हाताने रंगवलेल्या होत्या. एखाद्या अक्षराची वेलांटी जाड झाली तर पाटी पुन्हा पांढरी करून नव्याने लिहिणारा माणूस. आता त्यांच्या डाव्या अंगठ्याला निळी शाई लागलेली होती.

"हे काय आई? शाई कसली?"

"आत्ता एक मुलगा येऊन गेला. उद्या पाहुणे येणारेत म्हणाला. उपचार समाधानकारक आहेत असं काहीतरी होतं त्यावर. ह्यांना सही करता येईना, म्हणून अंगठा घेतला."

"आणि तू घेऊ दिलास?"

"मला काय कळतं त्यातलं? गोड बोलत होता बिचारा."

बाईंनी फडक्याचं टोक ओलं केलं आणि तो अंगठा पुसायला लागल्या. शाई नखाच्या कडेला बसली होती, निघत नव्हती. अप्पा त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडून हल्ली 'ह' एवढंच यायचं.

"सोडणार नाही मी यांना," बाई दातओठ खात म्हणाल्या. "सव्वा तास बसवून ठेवलं, आणि लिहितात काय, तर आपण उशीर केला!"

"आपण कुठला उशीर करतोय," आई म्हणाली. "मी तर लगेच फोन केला होता तुला. आठच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. ह्यांच्या हातातली कपबशी खाली आली, आणि मी तशीच..."

"आई, ते राहू दे आता."

त्या इतक्या तुटकपणे बोलल्या की शेजारच्या पलंगावरच्या बाईने मान वळवली. आई पुन्हा अप्पांची हनुवटी पुसायला लागली. घड्याळबाईंनी फडकं पुन्हा ओलं केलं, पण अंगठा काही पुसला नाही. फडकं तसंच पलंगाच्या दांडीवर टाकून त्या बाहेर आल्या.

जिन्याच्या वळणावर त्यांनी फोन काढला. वहीचा फोटो पुन्हा एकदा पाहायचा होता. तो पाहिला. मग, चौदा दिवस जिकडे बोट नेलं नव्हतं तिकडे ते नेलं. आलेल्या फोनांची यादी. त्या तारखेपर्यंत खाली जायला बराच वेळ लागला. आई, सकाळी ८.१०. बोलणं एक मिनिट.

त्या एका मिनिटात आईने सांगितलं होतं की ह्यांचं तोंड वाकडं दिसतंय, बोलणं कळत नाहीये. खिडकीबाहेर तेव्हा सकाळच्या गाड्यांची रांग होती. बदलीचा माणूस नऊला येणार होता. आणि बदली आल्याशिवाय खिडकी सोडायची नाही हा नियम बाईंनी बावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता, तापात नाही, लग्नाच्या दिवशी सकाळीही नाही. "जरा आडवं होऊ दे त्यांना, मी नऊला निघते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुढच्या गाडीची वेळ लिहिली. बरोबर लिहिली.

इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी सुरू झाला? तेव्हा बाई म्हणाल्या, नऊ वाजता. खोटं बोलायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. नऊला खिडकी सुटली, नऊला त्या निघाल्या, म्हणून नऊ. काउंटरवरची मुलगीही फाइल उघडते त्या मिनिटापासूनच मोजते.

जिन्यात लोक वर-खाली करत होते. कुणीतरी "जरा बाजूला" म्हणालं. बाई बाजूला झाल्या आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटणं म्हणजे काय, ते त्यांना तिथे उभ्याउभ्या कळलं. पण त्यामुळे कूलरशेजारचा एक तास तेरा मिनिटं एका मिनिटानेही कमी होत नव्हती, आणि खालच्या अधिकाऱ्यावरचा रागही तसूभर कमी झाला नव्हता.

त्या परत गुणवत्ता कक्षात शिरल्या तेव्हा अधिकारी फायलींना रंगीत चिठ्ठ्या लावत होता. बाईंनी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि त्याचं हसू हळूहळू आवरलं.

"ही गाड्यांची नोंद आहे, ताई. पेशंटची नाही."

"गाडीत पेशंटच होता. लिहिलंय."

"हे बघा." त्याने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "ही एक वेळ उघडली की सगळ्याच वेळा उघडाव्या लागतील. समिती विचारणार, लक्षणं खरंच नऊला सुरू झाली का? कुणी पाहिलं? घरच्यांनी काय केलं? उगीच तुम्हालाच मनस्ताप. वडील उद्या घरी चाललेत. ती विलंबाची ओळ मी हवी तर काढून टाकतो. मग तर झालं? नातेवाईक तत्पर होते, असं लिहितो. तुमचंही चांगलं, आमचंही चांगलं."

त्याला काहीच माहीत नव्हतं. तो नेहमीचं बोलत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना या माणसाची किळस आली, कारण तो जे देऊ करत होता ते क्षणभर, अगदी एक क्षण, त्यांना हवंसं वाटलं होतं.

"कागद द्या."

त्याने कागद पुढे केला, वर पेनही ठेवलं. सही कुठे करायची तिथे त्याने आधीच फुली मारून ठेवली होती.

बाईंनी ती फुली सोडली. '९.००' या आकड्यावर त्यांनी एकच आडवी रेघ मारली. डेपोत चूक दुरुस्त करायची ती अशीच. खालचा जुना आकडा वाचता आला पाहिजे, नाहीतर ती दुरुस्ती नव्हे, लपवाछपवी. वर त्यांनी '८.१०' लिहिलं आणि शेजारी बारीक सही केली.

"हे काय करताय?"

"फोन आठ दहाला आला होता मला. मी खिडकी सोडली नऊला."

अधिकारी कागदाकडे बघत राहिला. "ताई, हे तर तुमच्याच अंगावर येतंय."

"येऊ दे." बाईंनी '८.१०' वर बोट ठेवलं. "आठ दहा ते नऊ बेचाळीस. एक तास बत्तीस मिनिटं माझी आहेत. त्यातल्या पन्नास मिनिटांना तर काही कारणसुद्धा नाही. अप्पांना कळायला लागलं की मी त्यांना सांगेन. तुम्ही तुमच्या समितीला सांगा."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी उद्याच्या पाहुण्यांसाठी कुंड्या सरकवत होतं. लोखंडी तिवया फरशीवर घासत होत्या.

बाईंनी कागद फिरवून त्याच्या बाजूला सुलटा केला. '१०.५५' या आकड्याखाली पेन आडवं ठेवलं.

"आता तुमची लिहा."

त्याने पेनाला हात लावला नाही. बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि त्याच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे त्यांनी पाहिलं. चार वाजून सात मिनिटं झाली होती.