सांगेल तेच लिहायचं

अडतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि एका दिवसात मला काही येत नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं. मुलगा म्हणाला, "आई, आता आराम कर." सून म्हणाली, "आई, तुम्ही नुसत्या बसा." डॉक्टर म्हणाले, चाला. काम करा असं मात्र कोणी म्हणेना. चार महिन्यांत मला भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा राग यायला लागला. मग ग्रंथालयाच्या वर ज्येष्ठ स्वयंसेवक केंद्र उघडल्याची पाटी दिसली आणि मी तडक जिना चढले.

केंद्र चालवणारी मुलगी असेल सव्वीस-सत्तावीसची. मी मनातल्या मनात तिचं नाव गोडबोली ठेवलं. "या आजी, बसा आजी, जिना चढून दमलात ना आजी?" मी दमले नव्हते आणि तिची आजीही नव्हते. माझा अर्ज तिने स्वतःच भरायला घेतला, कारण काय, तर मला चष्मा आहे. चष्मा तिलाही होता.

पहिलं काम मिळालं दवाखान्याच्या दारात. केशरी जॅकेट घालून उभं राहायचं, येणाऱ्याकडे बघून हसायचं आणि कोणी विचारलं तर लिफ्टकडे बोट दाखवायचं. लिफ्टवर हातभर अक्षरांत ‘लिफ्ट’ लिहिलेलं होतं. दाराच्या दुसऱ्या बाजूला एक निवृत्त इंजिनिअर उभे केले होते. हयातभर पूल बांधलेला माणूस, तोही बिचारा हसत होता.

दुसरं काम म्हणजे बालवाडीसाठी रंगीत कागदाच्या पताका कापणं. आम्ही सहा जणींनी तीन दुपारी पताका कापल्या. चौथ्या दिवशी मी जरा लवकर पोचले, तर तिथली मदतनीस आमच्या पताका कचऱ्याच्या पिशवीत भरत होती. मला बघून ओशाळली. म्हणाली, "अहो, पताका तयार मिळतात आमच्याकडे. तुम्हा लोकांचा वेळ बरा जावा म्हणून केंद्राने सांगितलं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच गोडबोलीसमोर जाऊन उभी राहिले. "मला खरं काम दे, नाहीतर माझा अर्ज फाड."

"आजी, रागावू नका ना." तिने फाईल चाळली. "एक आहे, पण तीन तास बसावं लागेल. शालान्त परीक्षेला लेखनिक हवाय. मुलीला दिसत नाही. ती उत्तर सांगणार, आपण लिहायचं. सांगेल तेच लिहायचं, बरं का. त्या विषयाचे शिक्षक चालत नाहीत, विज्ञानाचा पेपर आहे. पण तुमचा प्रश्नच नाही."

"का नाही?"

तिने माझा अर्ज फिरवून दाखवला. पूर्वीचा व्यवसाय: गृहिणी. आवड: गप्पा मारणे. यातलं एक अक्षर तिने मला विचारलं नव्हतं. म्हातारी बाई दिसली, लिहून मोकळी झाली!

ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं. खरं सांगितलं असतं तर हे कामही गेलं असतं आणि मी परत लिफ्ट दाखवत बसले असते. वर्गातल्या मुलांना खोटेपणाबद्दल अंगठे धरायला लावणारी मी, सही करून बाहेर पडले.

मुलगी सोळा वर्षांची, दोन वेण्या, पाठ ताठ. आई कपडे शिवते, ती दारापर्यंत सोडायला आली होती. आम्हाला वेगळी खोली दिली होती, एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीपाशी पेंगुळलेले पर्यवेक्षक. सुरुवातीलाच मुलगी म्हणाली, "काकू, प्रत्येक उत्तर लिहून झालं की मला वाचून दाखवायचं. त्याशिवाय पुढे जायचं नाही."

"बरं," मी म्हटलं. मनात म्हटलं, पोरगी नाकासमोर चालणारी आहे.

तासभर छान चाललं. ती नीट सांगत होती, मी लिहीत होते. कित्येक महिन्यांनी माझ्या हाताला काहीतरी उपयोगाचं सापडलं होतं. मग प्रश्न आला, सूर्यग्रहण कसं होतं? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सूर्य आणि चंद्र यांच्या मध्ये पृथ्वी आली की सूर्यग्रहण होतं."

आता काय सांगू? अडतीस वर्षं दिवा, मोठा चेंडू आणि छोटा चेंडू घेऊन मी हे ग्रहण वर्गात लावलं होतं. जित्याची खोड! हात शिवशिवला आणि लिहून गेला: सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये चंद्र आला की सूर्यग्रहण होतं.

"वाचा," ती म्हणाली.

तिने सांगितलेलं वाक्य म्हणून दाखवता आलं असतं. तिला काय कळणार होतं? हा विचार माझ्या मनात आला, आणि तो आल्याची मला आजही लाज वाटते. मी लिहिलं होतं तेच वाचलं.

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "हे मी सांगितलं नव्हतं."

"अगं, तुझं चुकलं होतं. जरासंच तर..."

"तुम्ही शिक्षिका होतात ना?"

मी पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

"मला वाटलंच. पुढचा प्रश्न वाचताना असं थांबता तुम्ही, सगळा वर्ग ऐकतोय तसं." तिचा चेहरा लाल झाला होता. "बाई, ते खोडा. मी सांगितलं ते लिहा."

"दोन मार्क जातील."

"जातील ते माझे जातील."

मी खोडलं आणि तिचं उत्तर लिहिलं. खाडाखोडीवर पर्यवेक्षकांची सही लागते. ते डोळे चोळत आले. "हे काय? बरोबर उत्तर खोडून चुकीचं का लिहिलंत? कोणी बदललं?"

लेखनिकाने स्वतःच्या मनाने लिहिलं म्हटल्यावर चौकशी, चौकशीत माझा अर्ज, आणि अर्जात गृहिणी. माझं काय व्हायचं ते होवो, पण पेपर तिचा रद्द झाला असता. वर्ष तिचं बुडालं असतं.

"मी बदललं," मुलगी म्हणाली. "आधी एक सांगितलं, मग मत बदललं."

त्यांनी सही केली आणि ते खिडकीपाशी परत गेले. ती माझ्याकडे न वळता म्हणाली, "मला खोटं बोलायला लावलंत तुम्ही. पुढचा प्रश्न वाचा."

उरलेले दोन तास मी मान वर केली नाही. ती सांगत गेली, मी लिहीत गेले, वाचत गेले. रागाने तिचा आवाज शेवटपर्यंत धारदार होता आणि तो राग वाजवी होता.

पेपर संपल्यावर आई फाटकापाशी उभी होती. तिने माझे दोन्ही हात धरले. "फार उपकार झाले. सांभाळून घेतलंत ना थोडं? सहामाहीला ज्या बाई होत्या त्यांनीही घेतलं होतं. एवढं तर सगळेच करतात हो, बिचारीला दिसत नाही."

मी म्हटलं, "नाही. मी एक उत्तर बदललं, ते तिने पुन्हा चुकीचं करून घेतलं. पेपर सगळा तिचा आहे." हे बोलताना मला रडू येत होतं की संताप, मलाच कळेना. "आणि तिला बिचारी म्हणू नका."

पण मुलगी माझं ऐकतच नव्हती. ती आईच्या आवाजाकडे तोंड करून उभी होती.

"सहामाहीला मला अठ्ठ्याऐंशी पडले होते," ती म्हणाली. "तू शेजारीपाजारी सांगत फिरलीस. त्यातले माझे किती होते, आई?"

आईने माझे हात सोडले. मुलगी माझ्या दिशेने वळून म्हणाली, "सोमवारी विज्ञानाचा दुसरा भाग आहे. दुसरं कोणी आलं तर तेही असंच करेल. तुम्हाला निदान स्वतःची चोरी वाचून तरी दाखवता येते. याल?"

त्याच संध्याकाळी मी गोडबोलीकडून अर्ज मागून घेतला, गृहिणी खोडलं आणि शिक्षिका, विज्ञान असं लिहिलं. ती घाबरली. "आजी, मग मला तुम्हाला पाठवता येणार नाही!"

"परीक्षा मंडळाला फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर." तिने लावला. मंडळातल्या बाईंनी बराच वेळ चौकशी केली, मग सांगितलं की दुसरं कोणी मिळत नसेल तर जाऊ द्या, पर्यवेक्षक शेजारी बसतील.

सोमवारी ते आमच्या टेबलाला खुर्ची लावून बसले. मुलीने तीन उत्तरं साफ चुकीची सांगितली. तिन्ही मी सुवाच्य अक्षरात लिहिली.