एक इंच बाय एक इंच

मगातून धूर निघायला लागला तेव्हा ललित सर म्हणाले, "श्रावणभाऊ, हे नॉर्मल आहे."

श्रावण तायडेनं मगाकडे पाहिलं. आंघोळीचा निळा प्लास्टिकचा मग. त्यात ललित सरांनी अख्खं अर्धा किलो इपॉक्सी, म्हणजे एका डब्यातली राळ अन् दुसऱ्या डब्यातला हार्डनर, एकाच दमात कालवलं होतं. मगाचं बूड पाघळून टेबलाला चिकटलं होतं आणि चमचा मधोमध ताठ उभा होता, झेंडावंदनाला आल्यासारखा.

"नॉर्मल असतं तर मग कायले वाकला असता सर?" श्रावण म्हणाला. "हे दोन औषधं एकमेकाले भेटले का तापतेच. थोडं असलं का गरमी उडून जाते. तुमी पूरी वरात एका खोलीत कोंडली. मंग गरमी जाईन कुठं?"

"प्राचार्य म्हणाले, जास्त लावलं की जास्त धरेल."

"पोळीले तूप हाय काय थे?"

ललित सरांनी चमचा उपटून पाहिला, निघाला नाही. ते अमरावतीहून तीन वर्षांपूर्वी आलेले पोरगेलेसे प्राध्यापक होते आणि इपॉक्सीवरच पीएच.डी. करत होते. त्यामुळे इपॉक्सीला हात लावायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

बडनेऱ्याच्या पुढे, अकोला रोडवरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात श्रावण एकतीस वर्षं वर्कशॉप अटेंडंट होता. उद्या एकतीस मे, म्हणजे त्याचा रिटायरमेंटचा दिवस. आणि उद्याच कॉलेजला ग्रेड द्यायला समिती येणार होती. प्राचार्य डॉ. शेखर खारोडे यांनी समितीसाठी एक कल्पना काढली होती. दोन लोखंडी पट्ट्या, टोकावर टोक ठेवून फक्त एक इंच बाय एक इंच जागेत चिकटवायच्या. त्या पट्ट्यांना खुर्ची टांगायची, खुर्चीत ब्याण्णव किलोचे स्वतः प्राचार्य बसणार, गळ्यात हार. सकाळी रंगीत तालीम, आणि समिती आली की वर छपराच्या टिनाखाली चढवून ठेवलेली रिकामी खुर्ची चेनपुलीनं हळूहळू खाली उतरवायची, प्राचार्यांनी तिच्यात विराजमान व्हायचं आणि पुन्हा वर जायचं. कार्यक्रमपत्रिकेत याचं नाव होतं 'ज्ञानारोहण'.

पत्रिकेत त्याखाली बारीक टायपात आणखी एक ओळ होती : 'सांधा : श्री. श्रावण तायडे.' एकतीस वर्षांत त्याचं नाव कुठं छापून आलं नव्हतं. पोरांसाठी त्यानं मशीनवर हजारो सांधे ओढून तोडले. आकडे पोरांनी लिहिले, सह्या सरांनी केल्या. ती पत्रिका त्यानं बायकोला, मनकर्णाला, दोनदा वाचून दाखवली होती. ती उद्या बघायला येणार होती.

त्यानं मग बाजूला सारला, म्हणजे सारायचा प्रयत्न केला, टेबलच सरकलं. मग दुसऱ्या टेबलावर फरशीचा तुकडा घेतला. दोन्ही पट्ट्या पॉलिश पेपरनं उभ्या-आडव्या घासल्या, स्पिरिटनं पुसल्या आणि त्यानंतर तिथं बोट लागू दिलं नाही. फिजिक्सच्या काट्यावर दोन्ही औषधं मोजून घेतली, बोराएवढीच. फरशीवर कालवली, लावली, क्लॅम्प कसला.

"बस?" ललित सर म्हणाले. "एवढंच?"

"हे सरळ ओढलं तर दोन प्राचार्य धरते. कडेनं उचकटलं तर मात्र पोट्टं बी काढून टाकते. अन् गरमीत याचा भरोसा नाई."

सकाळी सात वाजता प्राचार्य बसले, वर गेले, पाय हलवले, खाली आले. सांधा तसूभर हलला नाही. श्रावणनं नख मारून पाहिलं, नखच दुखलं.

समिती साडेदहाला येणार होती. तीन सदस्य रेल्वेनं अकोल्याला उतरले, पण संस्थेचे संचालकही तीनच होते. अकोल्याच्या संचालकांनी नाश्ता ठेवला होता, म्हणून मूर्तिजापूरच्यांनीही ठेवला, आणि बडनेऱ्याच्यांकडे नाही खाल्लं तर ते पुढची तीन वर्षं मीटिंगला आले नसते. वऱ्हाडात पाहुण्याला 'पोट भरलं' हे वाक्य बोलता येतं, पण ते कोणी ऐकून घेत नाही. समिती कचोरी, पोहे आणि गिला वडा अशी मजल दरमजल करत सव्वादोनला पोचली.

तोवर खुर्ची टिनाखाली टांगलेली. बाहेर सेहेचाळीस डिग्री. त्यात व्हिडिओवाल्या बंडूनं दोन हॅलोजन लावून थेट सांध्यावर रोखले होते, कारण 'हिरोचा चेहरा उजेडात पायजे'. श्रावणनं तीनदा बंद केले, बंडूनं तीनदा लावले.

समिती पुढच्या सोफ्यांवर विसावली, फायलींनी वारा घेत. श्रावण शिडीवर चढला. पट्टीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग सांध्याच्या कडेला नख लावलं. नख मेणात रुतावं तसं आत गेलं.

तो शिडी उतरून थेट प्राचार्यांच्या कानाशी गेला. "सर, बसू नका. औषध नरम पडलं."

"सकाळी धरलं ना?" प्राचार्य हाराआडून पुटपुटले.

"सकाळी थंडं होतं जी. तापलं का याचा जीव जाते. संध्याकाळी दाखवू."

"डब्यावर दीडशे किलो लिहिलंय."

"डब्यावर लिवणारा एसीत बसते, सर."

प्राचार्य चिडले. "तुम्हीच नीट घासलं नसेल. शेवटचा दिवस म्हणून उरकून टाकलं. आमच्या लक्षात येत नाही का?"

हे त्यांनी अगदी हळू म्हटलं. पण कॉलरचा माईक बंडूनं पाच मिनिटांपूर्वीच चालू केला होता. 'उरकून टाकलं' हे शब्द चारही भोंग्यांतून वर्कशॉपभर घुमले. मागच्या रांगेत मनकर्णा इस्त्रीच्या साडीत बसली होती. तिनं पदर सावरला आणि खाली पाहिलं.

श्रावणनं ते पाहिलं.

"ठीक हाय," तो म्हणाला. "मंग पयले मी बसतो."

कोणी अडवायच्या आत त्यानं चेन ओढून खुर्ची गुडघ्याएवढ्या उंचीवर आणली, खिशातली पेन्सिल काढली आणि सांध्यावरून, या पट्टीवरून त्या पट्टीवर, एक आडवी सरळ रेघ मारली. मग बसला. पाय वर घेतले.

"बंडू, घड्याळ पाय. ललित सर, स्केल घ्या. रेघेवर नजर ठेवा."

"रेघेला काय होणार?" समितीच्या अध्यक्ष बाई म्हणाल्या. त्या पुण्याच्या होत्या आणि तीन नाश्त्यांनंतर पहिल्यांदाच ताठ बसल्या होत्या.

"दुभंगन, मॅडम. या, जवळ या. खुर्चीले हात नका लावू फकस्त."

बाई उठल्या. बाकीचे दोघे उठले. मग पोरं बाकांवर चढली.

"फुटली," ललित सर ओरडले. "अर्धा मिलिमीटर सरकली."

"मिनिट झाला," बंडू म्हणाला.

"पाहा, हे तुटून नाई राहिलं, सरकून राहिलं," टांगलेला श्रावण मान वर करून सांगत होता, आणि त्याचा आवाज चढत होता. "थंडं असतं अन् वजन जास्त झालं असतं, तर कडकन तुटलं असतं. आता गरम हाय. गरमीत वजन टांगून ठेवलं का थे हळूहळू पसरते. चिक्की उन्हात ठेवल्यावानी."

"एक मिलिमीटर."

"दोन मिनिट."

"आता जोरात पळन. जागा कमी झाली का उरलेल्यावर भार वाढते."

"दोन. श्रावणभाऊ, तीन, साडेतीन झाले," ललित सर नाचायचेच बाकी होते. पीएच.डी.च्या तीन वर्षांत त्यांना एवढं कधी कळलं नव्हतं. बाईंनी त्यांच्या हातातलं स्केल काढून घेतलं आणि नीट दिसावं म्हणून स्वतः शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या. "पाच," त्या म्हणाल्या. "अहो, हे दिसतंय चक्क. नुसत्या डोळ्यांनी."

"मंग उतरा आता, मॅडम. टाइम झाला."

बाई उतरल्या आणि खुर्ची धप्पकन खाली आली. श्रावण एका कुशीवर लवंडला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी माईक तोंडाजवळ घेतला. "म्हणजे सांधा कच्चाच होता, हे आपल्यासमोर सिद्ध झालं."

टाळ्या थांबल्या. मनकर्णा गर्दीतून वाट काढत आली. "अजी, कंबर पाहा पयले. उठता येते काय?"

"कंबर राहू दे वो. थ्या पट्ट्या दे."

"तापल्या हायत."

"दे म्हणतो ना."

तिनं पदरात धरून दोन्ही पट्ट्या आकड्यांतून सोडवून दिल्या. श्रावण जमिनीवरच बसून राहिला. पट्ट्या पालथ्या, तोंडं खाली.

"मॅडम," तो म्हणाला, "घासाले चुकलो असन, तर एक पट्टी कोरी निंघन. समदं औषध दुसरीवर. म्हंजे थे लोखंडाले धरलंच नाई, चूक माही. अन् दोन्हीवर औषध असन, तर लोखंडाची पकड नाई सुटली, औषधच मधून फाटलं. मंग चूक गरमीची."

बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या.

श्रावणनं पट्ट्या उलट्या केल्या नाहीत लगेच. एकतीस वर्षांत हजारो उलट्या केल्या होत्या, पाहून भंगारात टाकल्या होत्या. आता त्यानं आधी मनकर्णाकडे पाहिलं. मग त्यानं एकदम दोन्ही फिरवल्या.

दोन्हीवर पिवळट थर होता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, ओरखडल्यासारखा, सारखा. लोखंड कुठं दिसत नव्हतं.

बाईंनी दोन्ही पट्ट्या निरखून पाहिल्या आणि मान वर करून प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य हारातलं एक फूल सरळ करत होते.

"याले काय म्हणते?" मनकर्णानं हळूच विचारलं.

"दोन्हीकडे हाय," श्रावण म्हणाला.

तिला औषधातलं काही कळत नव्हतं. तिनं एका पट्टीवरून बोट फिरवलं, मग दुसरीवरून. "हो," ती म्हणाली. "दोन्हीकडे हाय."

पट्ट्या अजून पोळत होत्या. श्रावणनं त्या खाली ठेवल्या नाहीत.