शेवटच्या दालनातले हे

"हा माणूस शिंकला ना, की चौकातलं घड्याळ बंद पडायचं," मावशी सांगत होती. "आणि परत शिंकला की चालू!"

बघायला आलेल्या बायका खो खो हसल्या. इतिहास, कला आणि ग्रंथालयं सांभाळणारं ते सरकारी खातं, आणि त्याच्या संग्रहालयाच्या अगदी शेवटच्या दालनात राखणीला बसणारी ही मावशी. समोर एका कोटवाल्या मिशाळ माणसाचं मोठं चित्र. खाली पाटी, 'अज्ञात गृहस्थ'.

"तुम्हाला हो कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आमचे हेच ते!"

ही थाप पहिल्यांदा तोंडातून कधी निसटली, देव जाणे. मावशीचं लग्नच झालं नव्हतं. भाऊ होता, तो आपल्या संसारात. घरी गेलं की आपणच बोलायचं आणि आपणच हुंकार भरायचा. त्यापेक्षा हे बरे. सकाळी फडकं फिरवताना ती यांना झापायची, "मिशीत धूळ बघा! जेवता की केर काढता?" हे एका शब्दानं उलटून बोलायचे नाहीत. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

त्या दुपारी साहेब एका बाईंना घेऊन आले. बाईंच्या हातात जुना फोटो.

"माझे आजोबाच हे! साहेब, यांच्या नावाची पाटी लावा हो."

साहेबांनी फोटो चित्राशी ताडून पाहिला. "मिशा काय, तेव्हा सगळ्यांनाच असायच्या. पक्की खूण दाखवा, नाहीतर पाटी आहे तीच राहील."

"करंगळी वाकडी होती त्यांची. लहानपणी दारात चेमटलेली."

पण चित्रातला हात कोटाच्या सावलीत बुडालेला. काळ्याशिवाय काही दिसेना. बाईंनी फोटो पिशवीत घातला. "इतकी वर्षं बिचारे इथे एकटेच..."

मावशी स्टुलावर बसून होती. नुसती बसून राहिली असती, तरी भागलं असतं.

"एकटे कुठे होते," म्हणत ती उठली. बॅटरी पेटवून तिनं चित्राच्या अंगालगत तिरकी धरली. "इथून बघा. आहे वाकडी."

बाईंना रडूच फुटलं. "किती बारीक लक्ष हो तुमचं!"

"रोज पुसते ना."

"आजीचंही चित्र आहे आमच्याकडे. तेही देते. शेजारीच लावा."

बाई पुढे गेल्यावर साहेब मिश्किलपणे म्हणाले, "काय मावशी, यजमानांनी नात लपवून ठेवली होती की!"

मावशीही हसली. हसायलाच हवं होतं.

नवी पाटी लागली. आजीही आल्या, ठसठशीत नाकाच्या, सरळ बघणाऱ्या. खिळा ठोकताना शिडी मावशीनंच धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं घेऊन ती आधी आजींच्या पुढे उभी राहिली.

"पुसू का हो?" तिनं हळूच विचारलं.

आणि मग मान वर न करता मिशीवरून फडकं फिरवलं.