पोटातली छत्री

"उभी चीर गं, आडवी नको. बुडापासून शेंड्यापर्यंत. आत दह्याच्या कवडीसारखी पांढरी, एकसारखी निघाली तर रांध. मिटलेल्या छत्रीची सावली दिसली तर टाकून दे आणि हात धू."

रानातल्या गोल अळंबीची ही खूण सासूबाईंनी अंथरुणावरून सांगितली होती. वर माझ्याकडून शब्दही घेतला होता, की न चिरलेली अळंबी या घरात चुलीवर चढणार नाही.

त्या सकाळी बाजाराच्या ओसरीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. मध्ये अळंबीचं विष उतरवून देणारे चमचेबाबा, पुढे कढत पाण्याची दोन पातेली. पहिल्यात लोकांच्या अळंब्या आणि चांदीचा चमचा पडे, बाबा पुटपुटत. चमचा काळा निघे.

"हे विष. मी ओढून घेतलं."

मग तो राखेने घासून, त्याच अळंब्यांसोबत दुसऱ्या पातेल्यात. लख्ख.

"उतरलं. चिराचिरी करू नका, गुण जातो. ज्याचा विश्वास कच्चा, त्याचं पोट कच्चं."

बाबांचं पोट मात्र चांगलंच पक्कं दिसत होतं.

"पाहिलंत ताई?" धाकटी जाऊ टोपली पुढे सरकवत म्हणाली. "तुमची सुरी आता म्हातारी झाली. दुपारी पोरांना हेच घालते."

मी जवळ वाकले. आमच्या घरात अंडं शिजत नाही, त्यामुळे त्याचा वास मला लांबूनही कळतो. पहिल्या पातेल्याला तो होता.

"बाबा, अळंबी न घालता एकदा चमचा बुडवाल का?"

"बाई, देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची नाही हो. पातेल्याची."

लोक हसले. त्या हसण्यामुळेच बाबांना मागे सरता येईना. दोघातिघांनी पातेलं रिकामं केलं, तेच पाणी गाळून परत ओतलं, बाबांनी चमचा बुडवला. मंत्र संपला. चमचा काळाच निघाला.

गाळण्यावर एक पुरचुंडी राहिली होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी ती सोडली. आत उकडलेल्या अंड्याचा बलक.

"यातल्या गंधकाने चांदी काळी पडते," त्या म्हणाल्या. "विषाने नाही. विषारी अळंबीतही चमचा लख्खच राहतो."

मी जावेच्या टोपलीतली अळंबी फळीवर ठेवून उभी चिरली. पांढरी. दुसरीही पांढरी. तिसरीच्या पोटात इवलीशी मिटलेली छत्री झोपली होती.

जावेने माझं मनगट धरलं.

"आम्ही हीच काल रात्री न चिरता खाल्ली की," मागून न्हाव्याची बायको म्हणाली. "सगळे ठणठणीत आहोत."

बाईंचा चेहरा उतरला. "हे विष लगेच बोलत नाही. आधी माणसाला हसू-खेळू देतं, आतून यकृत खातं. वहिनी, घरच्या सगळ्यांना घेऊन आत्ताच दवाखान्यात चला. उलटीची वाट बघू नका."

ओसरी बघता बघता ओस पडली. मागे राहिलेल्या दोघातिघांनी बाबांना खांबापाशी बसवून ठेवलं. त्यांचे ओठ अजून हलत होते.

माझी देवावर श्रद्धा आहे, म्हणून चमच्यावर नाही. त्याने डोळे दिले ते बघायला. आपण जे पोरांच्या ताटात वाढतो ते चिरून बघावं, जाणत्याला विचारावं. शंका आली तर उपाशी राहावं. एका दिवसाच्या उपासाने कोणी मरत नाही, हे दर आठवड्याला उपास धरणाऱ्या माझ्याइतकं कोणाला ठाऊक? आणि सासूबाईंची खूणही त्या गोल अळंबीपुरतीच, दुसऱ्या कुठल्या जातीला लावू नये.

पण सकाळपासून बाबांनी 'उतरवलेल्या' टोपल्या घरोघरी गेल्या होत्या. गल्लीत चुलींचा धूर दिसू लागला होता.

शब्द आपल्या घरापुरता दिला होता. मी सुरी पुसली, पदरात धरली आणि पहिल्या दाराकडे निघाले.