दोन आबा

रक्ताची पिशवी आली तेव्हा राजश्रीला हायसं वाटलं. सकाळपासून सत्यजीतनं तिच्यामागे धोशा लावला होता. दर थोड्या वेळानं तो वॉर्डाच्या दारात यायचा, "सिस्टर, अजून किती?" म्हणायचा आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा फोनला लागायचा.

त्याचे वडील हौसराव वडगाव रासाईचे. गुडघे दुखतात म्हणून महिनोन्‌महिने दुकानातल्या गोळ्या खात आले, कुणाला विचारलं नाही. त्या गोळ्यांनी पोटात जखम केली आणि आज उठल्याउठल्या रक्ताची उलटी झाली. शिरूरच्या या लहानशा दवाखान्यात आणलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांची खालची पापणी आतून पांढरीफटक दिसत होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त मागवलं आणि एका अडलेल्या बाळंतिणीच्या ऑपरेशनला ते आत गेले.

प्रगती नवीन नर्स. तिनं पिशवीवरचं नाव वाचलं, राजश्रीनं कागदाशी ताडून पाहिलं. नाव जुळलं, गट जुळला. राजश्रीनं पिशवी स्टँडला अडकवली. नळी जोडायची तेवढी बाकी होती.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून जाईबाई म्हणाली, "बाई, आमच्या ह्यांना कवा देणार रक्त?"

जाईबाईचा नवरा म्हाळू कवठे येमाईचा. पायाला नांगराचा फाळ लागला म्हणून टाके घालायला आलेला. कानानं पुरता बहिरा.

"त्यांना कशाला रक्त? त्यांना नुसतं ड्रेसिंग आहे," राजश्री म्हणाली.

"मग काढलं कशापायी? मगाशी सुई घालून नळीभर नेलं की."

राजश्रीचा हात नळीवरच थांबला. तिनं म्हाळूच्या अंगावरची चादर बाजूला केली. कोपराच्या खळीत कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी. मग ती हौसरावांकडे वळली. सलाईन होतं तो हात पाहिला, दुसरा पाहिला. सलाईनची सुई सोडली, तर कुठंच टोचल्याची खूण नव्हती.

"प्रगती, हौसरावांचं रक्त तू कुठल्या हातातून काढलंस?"

प्रगतीनं म्हाळूच्या हातावरच्या चिकटपट्टीकडं पाहिलं.

"सांग बाई. मी ओरडणार नाही."

"हे आबा सोनोग्राफीला गेले होते, ताई. मला माहीत नव्हतं. सत्यजीतदादा म्हणाले, आबांचं रक्त लवकर घ्या. इथं एकच आबा होते. मी ह्या मावशींना विचारलं, हेच आबा ना? त्या हो म्हणाल्या."

"मग काय म्हणू?" जाईबाई बावरली. "समदी त्यांना आबाच म्हणत्यात. तुम्ही नाव इचारलं आसतं, तरी मी नवऱ्याचं नाव कसं घिऊ?"

"आणि आबांना नाव नाही विचारलं?"

"विचारलं. हौसराव ना, म्हटलं. ते व्हय म्हणाले."

"त्यांना काय बी इचारा, व्हयच म्हणत्यात," जाईबाई म्हणाली. "ऐकू कुठं येतंय?"

पिशवीवर नाव हौसरावांचं होतं, पण गट म्हाळूच्या रक्ताचा. राजश्रीनं नळी बाजूला ठेवली. तिनं पिशवी उतरवली.

"का काढली?" सत्यजीत पुढे झाला. गावच्या सोसायटीचा तो चेअरमन, कुणी अडवायची सवय नव्हती. "सिस्टर, आबा पांढरे पडत चाललेत."

"सँपल घेण्यात आमची चूक झालीय, दादा. हे रक्त त्यांना चालेलच असं सांगता येत नाही. नवीन सँपल पाठवते."

"म्हंजी परत तेवढाच वेळ? न्हाई. गाडी काढतो, दौंडला नेतो मी त्यांना."

"वाटेत पुन्हा उलटी झाली तर गाडीत काय कराल?" ती खाटेपुढून हलली नाही. "इथं सलाईन आहे, डॉक्टर भिंतीपलीकडं आहेत. नेऊ नका."

ऑपरेशनच्या खोलीच्या दारातून तिनं आत सगळं सांगितलं. डॉक्टरांचे हात अडकलेले. "पिशवी लावू नकोस. नवीन सँपल स्वतः घे, रक्तपेढीला तातडीचं सांग. नाडी घसरली तर मला हाक मार," एवढंच ते म्हणाले.

राजश्रीनं हौसरावांच्या कानाशी वाकून विचारलं, "आबा, तुमचं नाव काय? गाव कुठलं?" त्यांनी क्षीण आवाजात दोन्ही सांगितलं, तेव्हाच तिनं सुई घातली. नळीवर नाव तिथंच, खाटेपाशीच लिहिलं. सत्यजीत ती नळी घेऊन रक्तपेढीकडे धावतच गेला.

मग वाट बघणं आलं. ती मनगटावर बोटं ठेवून बसली. नाडी भरभर चालली होती, मधेच हाताला लागेनाशी व्हायची. कपाळावर गार घाम. तिच्या मनात येत होतं, दोघांचा गट एकच निघाला तर? तर मग या माणसाला आपण उगाच तिष्ठत ठेवलं. एकदा त्यांचे डोळे फिरल्यासारखे झाले. तिनं सलाईन भरभर सोडलं, प्रगतीला पायाकडची बाजू उंच करायला लावलं आणि डॉक्टरांना हाक मारली. ते हातमोजे काढत आले, तोवर आबांनी डोळे उघडले होते.

रक्तपेढीचा फोन आला. आधीची पिशवी बी गटाची. हौसराव ओ.

नवी पिशवी घेऊन सत्यजीत आला, तेव्हा त्यालाही ते कळलं होतं. त्यानं विचारलं, "ती लावली असती तर?"

"थोडं गेलं असतं तरी जिवावर बेतलं असतं," राजश्री म्हणाली. तो खाली बघत बाकावर बसला. "आबांचं म्हणालो, नाव सांगितलंच न्हाई मी," असं काहीसं पुटपुटला.

"नाव विचारणं आमचं काम होतं," प्रगती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. डॉक्टरांपुढं तिनंच सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. राजश्री तिच्या शेजारी उभी राहिली.

रक्त सुरू झालं. पहिला थेंब पडला तशी राजश्री पुन्हा खाटेपाशी बसली. थंडी वाजते का, कंबर दुखते का, ती विचारत राहिली आणि आबा "न्हाई, न्हाई" म्हणत राहिले. उन्हं कलली तेव्हा नाडी भरून लागू लागली. जाईबाईनं स्टीलच्या डब्याच्या झाकणात चहा ओतून तिच्यापुढे धरला. आबांच्या मनगटावरची बोटं न काढता राजश्रीनं दुसऱ्या हातानं तो घेतला.