बाकासाठी ठेवलेला ओंडका

मी बोलतेय खरी, पण ऐकण्यासारखं माझ्याकडे काही असेल असं मलाच वाटत नाही. मी बुरशी. छत्रीसारखी डौलदार मुळीच नाही. ना देठ, ना टोपी. पडलेल्या झाडाच्या पोटाला चिकटलेली, मध्ये तपकिरी, कडेला फिकट, अशी एक खपली. बघणाऱ्याला वाटतं, कुणाच्या हातून रंग सांडलाय.

हे झाड वादळात पडलं, सुताराच्या कारखान्यामागे. फांद्या तोडून त्याने खोड तिथेच ठेवलं. "याचा तुला बाक करतो," तो बायकोला म्हणाला. तिचे गुडघे गेलेले. खिडकीपाशी धड बसायला तिला जागा हवी होती.

"आधी दगडांवर उचलून ठेवा ते. साल काढा. ओल धरेल."

"अगं, सुतार मी की तू?"

"तुम्हीच. म्हणून तर आपलं स्टूल चारातल्या तीन पायांवर उभं आहे!"

तो हसला. गिऱ्हाइकांची दारं, कपाटं होत राहिली. खोड जमिनीवरच राहिलं. सालीखाली ओल साचली आणि कुठून तरी उडत आलेला माझा एक कण तिथे रुजला. की मी आधीपासूनच आत होते? झाड माझ्यामुळेच तर पडलं नसेल? हा विचार माझी पाठ सोडत नाही.

तिसऱ्या वर्षी तो करवत-कुऱ्हाड घेऊन आला. कुऱ्हाडीच्या पाठीने खोड ठोकून त्याने कान लावला. खणखणीत आवाज यायला हवा होता, आला भद्द. बोट दाबलं तर पेरभर आत गेलं. तो तिथेच उकिडवा बसला.

ती काठी टेकत आली. वाटलं, आता बोल लावेल. तिने सालीवरून हात फिरवला आणि खोडावरच टेकली.

"झाला की बाक. चहा इथेच आणा."

तो मान वर न करता आत गेला.

आता ती रोज येते. "या पंधरवड्यात दुसरं लाकूड आणतो," तो म्हणतो. "आणा की सावकाश," ती म्हणते. तिचं वजन मला खालून कळतं. ती कमी होतेय, खोडही कमी होतंय. मला थांबता येत नाही. खाणं हेच माझं जगणं.

सुतारदादा, मला खरवडून आता उपयोग नाही, मी फार आतवर गेलेय. ते लाकूड तेवढं आजच आणा. काल ती उठताना खोडात कट्कन आवाज झाला. तिला ऐकू आला नाही. तुम्ही आत रंधा मारत होता, दुसऱ्या कुणाच्या तरी दारावर.