स्वरालीच्या मागचा ठिपका

मांजरी उपनगरातल्या आमच्या नव्या सोसायटीत त्या रविवारी सकाळी केयूरच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जमलेले बहुतेक आयटीतले. लिंबू-अंगाऱ्याला हसणारी मंडळी. पण स्क्रीनवर काही दिसलं की लगेच हात जोडणार.

"हे प्रेतशोधक रडार," हातातला डबा लॅपटॉपला जोडत वैजनाथ महाराज म्हणाले. "हिमालयातल्या सिद्धांनी मंत्रून दिलेलं." सिद्धांनी त्याला यूएसबीची वायरही दिली होती, हे विशेष.

केयूरची बायको स्वराली भिंतीपाशी खुर्चीत बसली होती. तिला फिट्स यायच्या. महाराजांच्या सांगण्यावरून आठवडाभर गोळ्या बंद होत्या आणि कालच ती पेटत्या गॅसपाशी कोसळली होती. माझ्याच्याने तिच्याकडे बघवत नव्हतं.

महाराजांनी डबा तिच्यावर रोखला. स्क्रीनवर तिचा ठिपका उमटला. मग तिच्या मागे, जिथे नुसती भिंत होती, तिथे दुसरा दिसला आणि हळूहळू पुढे सरकू लागला.

"दिगंबरकाका, तो माझ्याजवळ येतोय," स्वराली मला म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

वरच्या मजल्यावरच्या आम्रपालीताईंना मी मुद्दाम बोलावलं होतं. इंजिनिअर बाई, सगळी नोकरी रडारवर काढलेली. त्या स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. महाराजांचा शिष्य हिंदुराव झोळीत हात घालून उभा होता, त्याच्याकडे बघत होत्या.

"केयूर, स्वयंपाकघरातली गव्हाची स्टीलची कोठी रिकामी करून आण," ताई म्हणाल्या. त्याने ती आणली. "अहो हिंदुराव, झोळी जरा यात ठेवता?"

"आत अंगारा आहे. बाटेल."

"गव्हानं बाटतो? फारच नाजूक दिसतोय," मी म्हणालो आणि झोळी काढून घेतली.

झोळी कोठीत गेली, झाकण लागलं आणि मागचा ठिपका गेला. झाकण उघडलं, परत आला.

"रडार लहर सोडतं," ताई म्हणाल्या. "ती आदळून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतं. झोळीतलं यंत्र तीच लहर पकडून मुद्दाम उशिरा परत पाठवतं. रडारला वाटतं, लांब कुणीतरी आहे. उशीर कमी करत नेला की भूत जवळ येतं. लढाऊ विमानं शत्रूच्या रडारला असंच चकवतात. बंद स्टीलमधून लहर बाहेर पडत नाही, एवढंच."

महाराज उठले. "आम्ही निघतो. पोरगी गेली तर आम्हाला दोष देऊ नका." तेवढ्यातही दारातले दोघे-तिघे त्यांच्या पाया पडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पण ताई, स्क्रीनवर दिसत होतं ना," केयूर म्हणाला.

"हो. आणि आजारी बायको समोर खुर्चीत दिसत होती. तिच्याकडे नाही बघितलंस."

"मग मला होतं ते काय?" स्वरालीने ताईंना विचारलं.

"आजार आहे, बाळा. त्याला औषध आहे. चल, आत्ताच तुझ्या डॉक्टरांकडे जाऊ."

महाराजांची गाडी आमच्या फाटकातून निघाली ती समोरच्या बिल्डिंगमध्ये शिरली. तिथेही कुणाची तरी औषधं बंद असतील. म्हणून सांगतो, यंत्र काय दाखवतंय हे बघण्याआधी ते चालवणाऱ्याचे हात कुठे आहेत ते बघा. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी दुसऱ्या कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका.